निर्मनुष्य घरातला चहा

मला पहिलं बक्षीस मिळालं. आता ते मिळालेलं नाही असं धरून चालू. म्हणजे मंगळवार आहे, दुपारचा सव्वा वाजलाय, हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी ताट घेऊन रांगेत उभा आहे, ताटात दोन पोळ्या आणि मटकीची उसळ, आणि मी आयुष्यात कधी कसल्या स्पर्धेत भागच घेतलेला नाही. माझा चेहरा तसा आहेही. यवतमाळला शाळेत असताना लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मी एकदा तिसरा आलो होतो, पण धावणारे तिघंच होते आणि मी पोचलो तेव्हा चमच्यात लिंबू नव्हतं. तेव्हा बक्षीस वगैरे विषय नाही. फक्त समोरच्या भिंतीवर, हात धुवायच्या बेसिनच्या शेजारी, नऊ फूट बाय सहा फूट असा एक फोटो काल संध्याकाळी कुणीतरी लावलाय, खाली ‘आपल्यातलाच कलावंत’ असं लिहून माझं नाव टाकलंय, आणि दहीभात खाणारे पन्नासेक लोक समुद्रानं खाल्लेलं एक घर बघत बसलेत. घर एकटं आहे. पुढे वाळू, वाळूत उन्मळून पडलेली सुरूची तीन झाडं, मुळं आभाळाकडे. उंबऱ्यापासून चार हातांवर फेस. दार उघडं, आत अंधार. शीर्षक : निर्मनुष्य. ‘काय भयाण शांतता पकडलीयेस रे,’ असं रांगेतली नम्रता म्हणाली. ती आमची टीम लीड आहे, त्यामुळे तिला जे भयाण वाटतं ते शुक्रवारपर्यंत आम्हालाही वाटावं लागतं. मी ‘थँक्स’ म्हणालो आणि शांतता जरा नीट बघावी म्हणून मान वर केली. तर घराच्या ओट्यावर, डाव्या कोपऱ्यात, एक काचेचा ग्लास होता. अर्धा भरलेला. आणि त्यातून वाफ येत होती.

घरच्या पंधरा इंची पडद्यावर तो ग्लास मोहरीएवढा असणार. पेपरच्या छापील पुरवणीत तर मोहरीचंही पीठ झालं असणार. इथे मात्र तो वीतभर होता, मावळतीचं ऊन मागून आल्यामुळे आतला कोरा चहा लाल दिसत होता, आणि वाफ अशी सरळ, सावकाश, जणू तिला कुठे जायचंच नाही. मला पगार कशाचा मिळतो, तर दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं शोधण्याचा. मी टेस्टर आहे. एखाद्या परदेशी बँकेच्या पानावर स्वल्पविराम अर्धा मिलिमीटर खाली घसरला तर मी तो पकडतो, त्याला नंबर देतो, त्याच्यावर तीन दिवस पत्रव्यवहार चालतो. आणि स्वतःच्या फोटोत, नऊ बाय सहामध्ये, तीन वर्षांपासून ओसाड घरात कुणीतरी आत्ताच चहा टाकलाय हे मला दिसलं नव्हतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही माझी लाज ओळखण्याची खूण आहे, लहानपणापासून. इतरांची मान खाली जाते, माझे कान तापतात, मान असते तिथेच राहते, त्यामुळे लोकांना वाटतं ह्याला काहीच वाटत नाही. मी उसळ घेतली. वर फरसाणही मागितलं. कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, हो, भुतांनाही संध्याकाळी चार घोट लागतात. पण कुणी विचारलं नाही. पन्नास लोक, सगळे इंजिनियर, कुणालाही वाफ दिसली नाही. मग मला वाटलं की ती बहुतेक मलाच दिसत असेल, आणि ते जास्त वाईट होतं, कारण चहा माझा होता.

समुद्राशी माझं वैर नव्हतं. आमच्या यवतमाळात समुद्र हा भूगोलाच्या पेपरातला चार मार्कांचा प्रश्न. तो मी ऑप्शनला टाकला होता. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी तेवीस वर्षांचा, हातात नवा कॅमेरा, शेजारी शंभू. शंभू म्हणजे माझा घरमालक आणि मित्र, दोन्ही. कोथरूडच्या पलीकडे त्याचं गाव होतं, ते शहरानं गिळलं, त्या जागेवर इमारत झाली, आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्यानं राहतो. त्याच्याकडे जीप आहे आणि काम नाही, माझ्याकडे काम आहे आणि जीप नाही, अशी आमची मैत्री. पेठेतल्या चौकट मंडळानं ‘बुडते किनारे’ या विषयावर छायाचित्र स्पर्धा जाहीर केली होती. हवामान बदलतंय, समुद्र वर येतोय, तेव्हा पुण्याच्या छायाचित्रकारांनी त्याची नोंद घ्यावी, असं पत्रकात होतं. समुद्राला हे कळवलंय की नाही ते नव्हतं. शंभूनं मला विचारलं, ‘समुद्र बुडत असंल तर फोटू काढून वाचतोय व्हय?’ मी म्हणालो, ‘समुद्र नाही रे, किनारा.’ तो म्हणाला, ‘मंग ठीक हाय,’ आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही ताम्हिणीतून खाली उतरलो. विचारत विचारत रात्री आडखोलला पोचलो, शाळेच्या पडवीत झोपलो, आणि रविवारी मी दिवसभर पडलेली झाडं टिपली. दगडांचा तुटका बंधारा टिपला, त्याच्या दगडांवर अजून ठेकेदाराचे आकडे होते. एक विहीर टिपली, जी आता भरतीच्या वेळी समुद्रात असते आणि ओहोटीला पुन्हा विहीर होते. प्रत्येक फोटोनंतर मला बरं वाटत होतं. हे मी आता लिहितोय तेव्हा मला ते बरं वाटणं आठवतंय, बोटात, बटण दाबतानाचा तो छोटा खटका, आणि त्या खटक्यासरशी मनात उठणारं, वा, काय उद्ध्वस्त आहे.

खालच्या वाडीत एकच घर उरलं होतं. बाकीची वर माळावर गेली होती, किंवा खाली समुद्रात. उरलेल्यात मैनाकाकी राहत होती. साठीची असेल, पासष्टीचीही असेल. मला बायकांचं वय कळत नाही आणि तिनं सांगितलं नाही. ओट्यावर सुके बोंबील पालथे करत होती. मी न विचारता तिच्या घराचे पाचसात फोटो काढले, मग माझ्यातला संस्कार जागा झाला आणि मी विचारलं, ‘काकी, काढू ना?’ ती म्हणाली, ‘काडलंस नि मग इचारतंस? काड काड. समुद्र तरी कुटं इचारतोय.’ शंभू खो खो हसला. तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं. ‘कोरा च्या चालंल ना रे बाला? दूद न्हाय. म्हस होती ती वर नेली, तिला पानी आवडंना.’ आत चूल मागच्या भिंतीला टेकलेली होती. ती म्हणाली, लग्न होऊन आली तेव्हा चूल पुढच्या पडवीत होती, मग माजघरात घेतली, मग मागे, दर मोठ्या उधाणाला चूल एक पाऊल मागं सरते. ‘आता मागं भित हाय,’ ती म्हणाली, ‘आता चूल डोक्यावर घ्यायची.’ मला ते वाक्य इतकं आवडलं की मी लगेच ठरवलं, फोटोखाली वापरायचं. वापरलं नाही. स्पर्धेच्या अर्जात वाक्याला जागा होती, वाक्य बोलणारीला नव्हती, आणि तिच्याशिवाय ते वाक्य कोण म्हणतंय असा प्रश्न आला असता.

मग तिनं विचारलं, हे फोटो कागदावर निघतात का. मी म्हणालो, निघतात. तर ती जरा पुढं सरकून बसली. कचेरीतून माणूस आला होता, ती म्हणाली, वर माळावर घरासाठी जागा देणार आहेत, पण ज्याचं घर भरतीत आहे आणि जो अजून त्या घरात राहतो त्यालाच. जे आधी सोडून गेले त्यांना नाही. ‘त्यो बोल्ला, घरासमोर उबी ऱ्हा, घर दिसाया पायजे, तू दिसाया पायजेस, नि मागं पानी दिसाया पायजे. असा फोटो दे. आता असा फोटो कोन काडनार? तालुक्याचा फोटोवाला बोलतोय, समुद्र इकडं आनून दे, काडतो.’ आम्ही तिघंही हसलो. मी म्हणालो, ‘मी काढतो ना काकी. छापून पोस्टानं पाठवतो.’ हे मी म्हणालो. ह्याला शंभू साक्षीदार आहे. ती आत गेली, आणि आम्हाला वाटलं चहा आणायला, चहा तर तिनं आणलाच, तो ओट्यावर ठेवला आणि पुन्हा आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिनं लुगडं बदललेलं होतं. केस ओले करून चोपून बसवले होते. दारात उभी राहिली, हात सरळ खाली, शाळेतल्या कवायतीसारखी. तोवर सूर्य बरोबर पाण्याला टेकत होता, घराच्या एका अंगानं उजेड असा काही आला की माझ्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. मी ग्लास ओट्यावर ठेवून पळालो. वाळूत गुडघे टेकले. तिनं ओरडून विचारलं, ‘मी येतंय ना रे ह्यात?’ मी ओरडलो, ‘हो हो, एकदम मधे!’ एकच फ्रेम जमली. दुसऱ्या फ्रेमला लाट आली आणि मी भिजलो. निघताना तिनं दारावर कोळशानं माझा नंबर लिहून घेतला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत, आणि शेवटचा आकडा दाराच्या फटीत गेला म्हणून पुन्हा खाली लिहिला. ‘च्या राह्यला तुजा,’ ती म्हणाली. मी म्हणालो, ‘पुढच्या वेळी.’ शंभूनं त्याचा संपवला होता आणि ग्लास विसळून पालथा घातला होता. त्याला कलेचं काही नाही.

पुण्यात येऊन मी पत्रक नीट वाचलं. दोन विभाग होते : ‘किनारा आणि माणूस’, आणि ‘निसर्गदृश्य’. मंडळाचे चिटणीस बापूराव फोनवर म्हणाले, ‘माणूस विभागात यंदा दोनशे बारा प्रवेशिका आहेत. सगळ्यांनी सुरकुत्याच काढल्यात. निसर्गात एकतीस. आपण सुज्ञ आहात.’ मी सुज्ञ होतो. मला इंजिनियरिंगला प्रवेशही असाच मिळाला होता, कुणी न मागितलेल्या शाखेत. पण निसर्गदृश्याला कलम सात होतं : चित्रात मनुष्य, मनुष्याचा अवयव अथवा मनुष्याची सावली आढळल्यास चित्र बाद. तेव्हा मी मैनाकाकीला पुसलं. हे किती सोपं आहे ते सांगायला मला लाज वाटते, आणि किती वेळ लागला ते सांगायला जास्त : चाळीस मिनिटं, त्यात मधे दूधवाला येऊन गेला. शेजारच्या दगडाचा तुकडा उचलायचा आणि तिच्या पायांवर ठेवायचा. दाराच्या अंधाराचा तुकडा उचलायचा आणि छातीवर ठेवायचा. चेहरा दोन ठिपक्यांत गेला. लुगड्याचा काठ तेवढा त्रास देत होता, वाऱ्यानं तो चौकटीच्या बाहेर उडाला होता, तिथे फेस होता, आणि फेसाचे दोन तुकडे सारखे नसतात हे मला तेव्हा कळलं. निसर्गाबद्दल मला झालेलं हे एकमेव ज्ञान. मग सावली पुसली, कारण कलमात सावली होती. चहा कलमात नव्हता. आणि मग मी जे केलं ते फक्त माझ्या धंद्यातला माणूस करू शकतो : त्याच नावानं, त्याच फाइलवर जतन केलं. ऑफिसात आमचा दंडक आहे, एकच प्रत, शेवटची, दुरुस्त केलेली. जुन्या प्रती ठेवल्या तर कुणीतरी चुकून तीच परदेशी पाठवतं. दोष मिटला, जुनी प्रत नष्ट. कॅमेऱ्यातलं कार्ड कंपनीच्या सहलीसाठी कोरं करून दिलं होतं. त्यावर नंतर अडीचशे फोटो निघाले, दोरीखेचीचे.

अर्जात वर्णन किमान वीस शब्दांत मागितलं होतं. माझे सतरा झाले. मी तीन आणखी घातले : तीन वर्षांपासून ओसाड. दोन वर्षांपासून लिहिलं असतं तरी वीसच झाले असते, पण तीन जास्त उदास वाटलं. आणि पोस्टानं पाठवायचा फोटो? तो पाठवायचाच होता. दर शनिवारी पाठवायचा होता. छापायला टाकायला गेलो तर छापणार काय, तिला घर पाठवायचं, तिच्याशिवाय? ‘काकी, हे घ्या, तुम्ही आत गेला आहात.’

मंगळवारी जेवण झाल्यावर जागेवर आलो तर मोबाइलवर एका अनोळखी नंबराचे चार मिस्ड कॉल होते. हा नंबर आठवडाभर वाजत होता. क्रेडिट कार्ड विकणारे असतील म्हणून मी उचलत नव्हतो, म्हणजे मी स्वतःला असं सांगत होतो; क्रेडिट कार्डवाले सकाळी सहाला फोन करत नाहीत. पाचव्यांदा वाजला तेव्हा डोळ्यांसमोर ती वाफ होती, आणि मी उचलला. ‘फोटोवाले साहेब ना? मी दशरथ. आडखोलच्या मैनाचा भाचा. मी पुन्यातच असतो, मार्केट यार्डात.’ रविवारी मी गेलो. एप्रिल होता, फळबाजारात आंब्याच्या पेट्यांच्या भिंती उभ्या होत्या, गवताचा आणि पिकण्याचा वास, आणि त्या भिंतींतून डोक्यावर पेट्या घेतलेली माणसं ‘बाजू, बाजू’ करत धावत होती. मी प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला होत होतो. त्यातला एक माझ्यासमोर थांबला, पेट्या उतरवल्या, पंच्यानं मान पुसली, आणि हात पुढे केला. दशरथ माझ्याच वयाचा होता. मी घरून निघताना सगळी तयारी केली होती, त्यानं ओरडावं, शिवी द्यावी, कॉलर धरावी, मग मी शांतपणे समजावीन. मी त्यासाठी जुना शर्टही घातला होता. त्यानं मला पेटीवर बसवलं आणि विचारलं, ‘साहेब, जेवलात?’

माळावरच्या जागांची यादी लागली होती. काकीचं नाव नव्हतं. पंचनाम्याला पुरवणीतलं कात्रण लावलेलं होतं, त्यावर लाल पेनानं ओळ मारली होती : तीन वर्षांपासून ओसाड. कचेरीतला माणूस म्हणाला, बाई, पुण्याच्या पेपरात छापून आलंय, पहिलं बक्षीस आहे, तुमचं खरं की बक्षिसाचं? दशरथ हे सगळं विनोद सांगावा तसं सांगत होता, मधेच कुणाला तरी ‘आलो रे’ म्हणून ओरडत. ‘साहेब, तुमची चूक न्हाई. पेपरवाले काय बी छापत्यात. तुम्ही तेवढा मावशीचा फोटो द्या, दारात उभी हाय तो. मी रातच्या गाडीनं जाऊन दाखवतो. हरकतीला पंधरा दिवस हायत.’ मी विचारलं, ‘काकी रागावल्यात का?’ तो म्हणाला, ‘न्हाई हो. मावशी बोल्ली, पोरगा घाईत होता, च्या बी अर्धा टाकून गेला, इसरला असंल.’ इथे माझे कान इतके तापले की मला वाटलं आंबे पिकतील. आणि मग मी, चेहरा जागेवर ठेवून, स्पष्ट आवाजात म्हणालो, ‘बघतो. जरा शोधावा लागेल. बॅकअपमध्ये असेल.’ दशरथला बॅकअप म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्याला तो शब्द भक्कम वाटला. त्यानं मला चार हापूस दिले. मी घेतले. हे लक्षात ठेवावं, मी ते घेतले.

शंभूला सगळं सांगितलं तेव्हा तो गच्चीवर टाकी साफ करत होता. मी म्हणालो, तू शपथेवर लिहून दे, तू होतास तिथे. तो म्हणाला, ‘देतो की. पन माझं कोन ऐकतंय? मी तर ह्या इमारतीत बी ऱ्हातो म्हनून लिहून दिलं तर खालचा वॉचमन इचारतोय, कोन तुमी.’ मग ब्रश बादलीत टाकून म्हणाला, ‘इंद्या, तुला एक दावतो,’ आणि खालून एक जुनं रंगीत पत्रक घेऊन आला, त्यांच्या जमिनीवर इमारत व्हायच्या आधी बिल्डरनं छापलेलं. हिरवंगार रान, मागे टेकडी, वर लिहिलं होतं, निसर्गाच्या कुशीत. ‘ह्ये आमचं खालचं वावर. ह्या इथं, ह्या चिंचंच्या बुडाला, आमची म्हस बांधलेली असायची. फोटू काढला तवा बी व्हती, मी शेपटी धरून हुबा व्हतो. छापून आलं तर म्हस न्हाई. मी बी न्हाई.’ मी विचारलं, ‘मग?’ ‘मग काय? आज्जा बोल्ला, म्हस पुसली त्येचं न्हाई, पन हिचं शेन तरी ठिवलंय का बघा.’ तो हसला, मीही हसलो. मग मी ती चिंच जरा नीट बघितली. बुंध्याशी दावं होतं. पुसणाऱ्यानं म्हैस पुसली होती आणि दावं विसरला होता. दोराला कुणीच बांधलेलं नव्हतं, तरी तो ताणलेला होता. माझ्या धंद्यातला कुणीतरी असणार.

हरकतीचे पंधरा दिवस मी कसे घालवले ते सांगतो. आधी यंत्राच्या पोटात शोधलं. आमच्या ऑफिसातला एक पोरगा पुसलेलं परत आणून देतो. त्यानं रात्रभर यंत्र चालवलं आणि मला माझ्या आईचे दोन फोटो आणून दिले, आणि दोरीखेचीचा एक, जो मी पुसल्याचं मलाच आठवत नव्हतं. काकी नाही. मग वाटलं, आपण तिला पुन्हा काढू. पुसता येतं तर काढताही येईल. मी फाइल उघडली आणि दारासमोर बसलो. मला तो दिवस इंचाइंचानं आठवत होता : कॅमेऱ्याचं छिद्र आठ, गती दोनशे पन्नासांश, सूर्य कितव्या बोटावर. पण लुगडं कुठल्या रंगाचं होतं? तिनं मुद्दाम बदललेलं. हिरवं? मी हिरवं भरलं. मग तपकिरी. चेहरा? मी चेहरा बघितलाच नव्हता, मी चेहऱ्यावरचा उजेड बघितला होता. आईचा फोटो घेऊन आईला दारात उभी करून बघितली. यवतमाळची आई, समुद्र कधी न बघितलेली, आडखोलच्या उंबऱ्यात, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की काहून रे, मला कुठे आणून ठेवलंस. मी तिलाही पुसलं. आता सवयीनं बारा मिनिटांतच झालं. बारा. मी घड्याळ बघितलं होतं.

मग बापूरावांकडे गेलो. मंडळाचं ऑफिस एका मंगल कार्यालयाच्या मागे आहे, तिथे पंगतीचा आवाज येतो, ‘वाढा, वाढा.’ बापूरावांनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हणालो, बक्षीस परत घ्या, फोटोत बाई होती, मी ती काढली. ते म्हणाले, ‘कुठली बाई?’ मी म्हणालो, ‘इथे उभी होती.’ त्यांनी भिंग लावून बघितलं. ‘दिसत नाही.’ ‘मी पुसली ना.’ ‘मग नियमाचं पालन केलंत. आपण तक्रार कसली करताय?’ मी म्हणालो, ‘मग निदान एक पत्र द्या, की त्या घरात माणूस होता.’ त्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि इतकं सभ्यपणे बोलले की तेवढं सभ्य फक्त पेठेतच बोलतात. ‘अहो, माणूस नसल्याचं प्रमाणपत्र आम्ही आपल्याला दिलेलंच आहे, फ्रेम करून. असल्याचं द्यायला आम्ही कोण? आमच्या घटनेत तशी तरतूद नाही. आणि बक्षीस परत घेण्याचीही नाही. आजवर कुणी मागितली नाही.’ मी ग्लास दाखवला. त्यांनी चष्मा चढवून भिंग पुन्हा लावलं. पलीकडे कुणीतरी जिलबी नको म्हणत होतं. मग ते म्हणाले, ‘वाफ आहे खरी,’ आणि भिंग खाली ठेवून, ‘हे परीक्षकांच्या नजरेला आलं असतं तर आपलं चित्र बाद झालं असतं,’ आणि चहा मागवला, माझ्यासाठीही. मी तो पूर्ण प्यालो. जीभ भाजली.

पंधराव्या दिवशी दशरथचा फोन आला. आता मी पहिल्या घंटीला उचलतो. म्हणाला, साहेब, घाई करू नका आता. अमावास्येच्या उधाणात ओटा गेला, पुढची भिंत गेली, दार गेलं. मावशी शाळेच्या खोलीत आहे, चूल खिडकीत मांडलीय. ‘तुमचा नंबर दारावर होता, त्यो बी गेला. बरं झालं मी उतरून घेतला होता. मावशी बोल्ली, इचार, पोराला फोटो गावला का.’ मी म्हणालो, ‘गावला.’ काय झालं मला माहीत नाही, मी गावला म्हणालो. आजवर मी खोटं बोलायचो ते सुटण्यासाठी. हे मी अडकण्यासाठी बोललो. कँटीनमध्ये जाऊन भिंतीसमोर उभा राहिलो. चार वाजले होते, कुणी नव्हतं, फक्त फडकं मारणारा. नऊ बाय सहाच्या घराला अजून भिंत होती, दार होतं, ओटा होता, डाव्या कोपऱ्यात ग्लास. जगात आता ते घर एवढ्या एकाच ठिकाणी उभं आहे, बेसिनच्या शेजारी, आणि त्यात मी खरंखुरं फक्त एवढंच ठेवलंय. ‘सर, हे चहाचं कुणाचं?’ फडकेवाला म्हणाला. त्याला दिसलं होतं. मी म्हणालो, ‘माझं.’ तो म्हणाला, ‘मग उचला की.’

जागेवर येऊन मी अर्ज लिहिला. टाइप केला नाही, हातानं लिहिला, म्हणजे पुसलं तर खाडाखोड दिसेल. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवतोय, पोच पावतीसह. हरकतीचा आज शेवटचा दिवस.

प्रति, मा. पुनर्वसन अधिकारी महोदय. विषय : मौजे आडखोल, खालची वाडी, येथील राहत्या घराची स्थळपाहणी होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवितो की, सोबत जोडलेल्या छायाचित्रातील घर निर्मनुष्य नसून, त्यातील मनुष्य अर्जदाराने दिनांक २ मार्च २००९ रोजी सकाळी चाळीस मिनिटांत काढून टाकला आहे. सदर मनुष्याचे नाव मैना असे असून, लुगड्याचा रंग अर्जदारास आठवत नाही, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. ‘तीन वर्षांपासून ओसाड’ हे शब्द संख्या भरण्यासाठी घातलेले असून ते रद्द समजावेत. घर वास्तव्यात असल्याचा पुरावा म्हणून चित्राच्या डाव्या कोपऱ्यातील ग्लास पाहावा. त्यातील चहा सदर मनुष्याने केला असून तो अर्धा अर्जदार प्यालेला आहे. उरलेल्या अर्ध्यातून अद्याप वाफ येत आहे. घर जागेवर नसल्यास पाहणी छायाचित्रात करण्यास अर्जदाराची हरकत नाही. तरी चहा निवण्यापूर्वी आपण समक्ष येऊन ओट्याला हात लावून पाहावा, आणि आतमध्ये हाक मारावी, ही नम्र विनंती.